जोत्याची उंची

२२ जानेवारी

ही वही मी पुरावा म्हणून सुरू केली आहे. उद्या हे काम बिघडलं आणि कोणी विचारलं, की गुणाकरराव, चौतीस वर्षं बांधकाम खात्यात उपयंत्री होता, तुमच्या डोळ्यांदेखत हे कसं झालं, तर मला तारीखवार दाखवता आलं पाहिजे.

काम म्हणजे रामपायलीहून खैरलांजीकडे जाताना लागणाऱ्या एका गावातलं आरोग्य केंद्र. चार खोल्या, त्यांतली एक बाळंतपणाची, आणि पुढे रॅम्प. जूनच्या पहिल्या आठवड्यात छताचं काँक्रीट पडायलाच हवं, नंतर नाल्याला पाणी आलं की मालाचा ट्रॅक्टर गावात शिरत नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षं मी घरी बसून नूतनला स्वयंपाकात सुधारणा सुचवत होतो, त्यामुळे ठेकेदाराचा फोन आला तेव्हा माझ्यापेक्षा बायकोलाच जास्त आनंद झाला. रामपायलीला खोली घेतली आहे. शनिवारी बसने बालाघाट, सोमवारी पहाटेच्या बसने परत.

पाया झाला, कॉलम वर आले, जोत्याचा बीम पडला. सगळं वेळेवर, सगळं माझ्या देखरेखीखाली. आणि आता ठेकेदाराच्या वरच्या कंपनीने नागपूरहून प्रोजेक्ट मॅनेजर पाठवली आहे. श्रद्धा नाव, वय एकोणतीस, मूळची आमच्या बालाघाटचीच, पण मराठी बोलायला लागली की दुसऱ्या वाक्याला हिंदीत घसरते. आल्या आल्या जाहीर केलं, की रोज सकाळी साडेसातला सगळ्यांची बैठक. सगळ्यांची म्हणजे मिस्त्री, सळईवाले, सेंट्रिंगवाले, आणि डोक्यावर घमेली वाहणाऱ्या रेजासुद्धा. मी विचारलं, त्या बाया काय सांगणार? ती म्हणाली, "काका, वही तो पूछना है."

२३ जानेवारी

बैठकीचे तीन नियम आहेत. लहानांनी आधी बोलायचं, मोठ्यांनी शेवटी. म्हणजे माझा नंबर शेवटून दुसरा आणि तिचा शेवटचा. ‘हे कोणी केलं’ असं विचारायचं नाही, ‘आता काय करायचं’ एवढंच विचारायचं. आणि नकाशा कागदावर दाखवायचा नाही. जे काम हाती असेल ते चुन्याने जमिनीवर खऱ्या मापात आखायचं आणि सगळ्यांनी त्यातून चालून बघायचं.

अर्धं पोतं चुना गेला. बोललं कोणीच नाही. शालिकराम मिस्त्री माझ्याबरोबर खात्याच्या कामांवर वीस वर्षं होता, त्याचं तोंड एरवी थापीपेक्षा जास्त चालतं, पण तोही अंगठ्याने माती उकरत उभा राहिला. तेवीस माणसं पंधरा मिनिटं चुन्यात उभी राहिली आणि मग चहा प्यायली. मी मनात म्हटलं, झाली सुधारणा.

२९ जानेवारी

आज एक गोष्ट झाली. ती माझ्या बाजूची नाही, तरी लिहितो.

रॅम्प आखला होता. दुर्गाबाई म्हणून एक रेजा आहे, याच गावची, पन्नाशीची, तीस वर्षं हेच काम करते. ती चुन्यातून चालत गेली आणि वळणावर थांबली. म्हणाली, "बाई, इथून खाट वळनार नाई."

मी सांगितलं की पेशंट आता ॲम्ब्युलन्सने येतो, चाकाच्या खुर्चीवर येतो. तिने माझ्याकडे न बघता श्रद्धाला सांगितलं, "गाडी रोडवर येते. पान्यापावसात रोडपासून खाटच आनतेत."

श्रद्धा म्हणाली, खाट आणा. शेजारच्या घरून खाट आली, पण तिच्यावर झोपायला कोणी तयार होईना. धडधाकट माणसाने चौघांच्या खांद्यावर जायचं म्हणजे अपशकुन. सगळे एकमेकांना पुढे ढकलू लागले. शेवटी मीच म्हटलं, ही काय अंधश्रद्धा, आणि चपला काढून आडवा झालो. चौघांनी उचललं. आभाळाकडे बघत, हातात चष्मा धरून, मी चुन्याच्या रॅम्पवरून निघालो. वळणावर खाट तिरपी झाली आणि पुढच्या उजव्या माणसाचा पाय चुन्याच्या रेघेबाहेर दोन फूट गेला.

"पडले साहेब," दुर्गाबाई म्हणाली.

सगळे हसले. थोड्या वेळाने मीही हसलो. मी नोकरीत अकरा रॅम्प बांधले, सगळे मापात, आणि एकावरूनही खाट नेऊन बघितली नाही. वळण मोठं केलं. बाई हुशार आहे, हे मान्य केलं पाहिजे.

३१ जानेवारी

खाटेनंतर लोकांना वाचा फुटली आहे. पुनाराम, जो सळई बांधतो, त्याने औषधांच्या खोलीची खिडकी दुपारच्या उन्हातून हलवायला लावली. एक रेजा म्हणाली की दवाखान्यात बाया जिथे रांगेत बसतील तिथेच नळ नको, चिखल होतो. साध्या गोष्टी, पण नकाशा करणाऱ्याला सुचल्या नव्हत्या आणि मला तर नाहीच.

आज श्रद्धाने मला विचारलं, की जोत्याची उंची कशी धरली ते सगळ्यांना समजावून सांगाल का. मला बरं वाटलं. मी व्यवस्थित सांगितलं. गावाबाहेर नाल्यावर जी जुनी पुलिया आहे, तिच्या बाजूच्या भिंतीत एक दगड आहे. त्यावर मोठ्या पुराची रेघ आणि साल कोरून लाल रंग भरला आहे. ही खूण मला नोकरीपासून माहीत. लेव्हलच्या यंत्राने ती उंची इथपर्यंत आणली, तिच्यावर एक फूट चढवलं, ते आपलं जोतं. मिलिमीटरचाही फरक नाही.

दुर्गाबाई म्हणाली, "साहेब, तो पुलियाचा गोटा..."

मी म्हटलं, "पुलिया आपलं काम नाही, दुर्गाबाई. तू रॅम्पचं बोल." एकदा खाटेचं बरोबर निघालं म्हणून आता यंत्रावरही बोलायला लागली. दुपारी श्रद्धा तिला घेऊन नाल्याकडे फिरायला गेली होती. या मुलीला सगळ्यांशी गप्पा मारायला आवडतं.

४ फेब्रुवारी

शालिकराम कामचोर होत चालला आहे. जोत्यात मुरूम भरून ठोकून घे म्हणून मी सांगितलं त्याला चार दिवस झाले. एक दिवस ट्रॅक्टर नाही, एक दिवस मुरूम ओला, आणि आता तो कंपाउंडची भिंत बांधत बसला आहे. मी रागावलो. तो म्हणतो, "करतो ना साहेब. भिंत बी कराचीच हाय." श्रद्धाला सांगितलं तर तीही म्हणाली, भिंत होऊ द्या, कोई जल्दी नहीं. जूनमध्ये छत टाकायचंय आणि म्हणे घाई नाही. तारीख मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

बैठकीत माझा नंबर आला की ती रोज विचारते, "काका, आपलं काही?" मी म्हणतो, काही नाही. मग ती जरा वेळ थांबते, आणि मग स्वतःचं बोलते.

८ फेब्रुवारी

आज शनिवार. बसला वेळ होता म्हणून चालत पुलियापर्यंत गेलो. खरं कारण लिहितो. दुर्गाबाईचं ते अर्धं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. दगडाचं माप वहीत नोंदवून ठेवावं आणि पुन्हा बोलली तर तोंडावर दाखवावं, असा विचार होता.

नाला कोरडाच आहे, खाली उतरता आलं. दगडाजवळ मी यापूर्वी गेलो होतो तो फक्त रेघेसाठी. साल वाचलंच नव्हतं, त्यावर शेवाळ होतं. आज बाटलीतल्या पाण्याने रुमाल ओला करून घासलं.

साल उलटं आहे. आकडे डोक्यावर उभे आहेत.

पुराची खूण कोणी उलटी कोरत नाही. म्हणजे दगड कोरल्यानंतर कोणीतरी काढला आणि परत बसवला. कधी, ते मला तिथेच आठवलं. पंधरा वर्षांपूर्वी ही बाजूची भिंत कोसळली होती. मार्चच्या आत नवी बांधायची होती. जुनेच दगड वापरले. ते काम माझ्याकडे होतं.

बस चुकली. पुढची मिळाली.

९ फेब्रुवारी, बालाघाट

नूतनने दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. बरी आहे म्हटलं.

दगड पूर्वी वरच्या थरांत होता एवढं आठवतं; किती खाली आला असेल ते मला माहीत नाही. एक थर आला असेल तर पाऊण फूट, दोन असतील तर दीड. दीड असेल, तर तसा पूर पुन्हा आल्यावर बाळंतपणाच्या खोलीत अर्धा फूट पाणी उभं राहील. यंत्र बरोबर होतं. दगडच खोटा होता, आणि तो खोटा माझ्या हाताखाली झाला.

१० फेब्रुवारी

बैठकीत श्रद्धाने विचारलं, "काका, आपलं काही?" मी म्हटलं, नाही.

११ फेब्रुवारी

पुन्हा नाही म्हटलं.

जे मनात येतं ते लिहितो, वाचणारं कोणी नाही. असा पूर पन्नास वर्षांत एकदा येतो. मी तेव्हा नसेन. दगड उलटा आहे हे माझ्याशिवाय जगात कोणाला माहीत नाही. सांगितलं तर काय होईल? बीम पडला आहे, कॉलम उभे आहेत. छत जूनमध्ये होणार नाही, आणि एक पावसाळा गेला तर कंपनी काम सोडेल. ठेकेदार म्हणेल, म्हाताऱ्याला घेतला ही चूक झाली. तालुक्यातल्या प्रत्येक ओव्हरसियरला कळेल की गुणाकररावांनी आपल्याच चुकीवर दवाखाना बांधला. चौतीस वर्षांत माझ्यावर ठपक्याचा एक कागद निघाला नाही. तेवढंच माझ्याकडे आहे.

मुरूम अजूनही भरलेला नाही. आज मी शालिकरामला त्याबद्दल काही बोललो नाही. तो माझ्यासाठी चहा घेऊन आला आणि जवळ बसून राहिला.

१२ फेब्रुवारी

आज रॅम्पजवळून जाताना ती खाट दिसली. कोणी परत नेलीच नव्हती. मी तिच्यावर आडवा झालो होतो तेव्हाचं आठवलं. चौघांच्या खांद्यावर माणूस काही करू शकत नाही. ज्यांनी उचललंय त्यांना रस्ता माहीत असेल, एवढाच विश्वास त्याच्याकडे असतो.

उद्या सांगणार. आज हे लिहून ठेवतो, म्हणजे सकाळी मागे फिरायला जागा राहणार नाही.

१३ फेब्रुवारी

सांगितलं.

श्रद्धाने विचारलं, "काका, आपलं काही?" मी म्हटलं, आहे. मग मी पुलियाचा दगड, उलटं साल, पंधरा वर्षांपूर्वीची भिंत, सगळं सांगितलं. दोन वाक्यं पुन्हा सांगावी लागली. शेवटी म्हटलं, जोतं कमी पडलंय, किती ते माहीत नाही, आणि चूक माझी आहे.

मला वाटलं होतं कुजबुज होईल, कोणी हसेल. तसं काहीच झालं नाही. मग दुर्गाबाई म्हणाली, "दोन थर, साहेब. तो गोटा मीच डोक्यावर वाह्यला होता. वरून तिसऱ्या थरात होता, पाचव्यात बसवला."

शालिकराम म्हणाला, "बसवला मी. तुमी म्हनलं होतं, कोनताबी गोटा कुठंबी चालते, मार्च संपून राह्यला. मंग मी बसवला. लकीर दिसली होती मले."

श्रद्धा एवढंच म्हणाली, "ठीक है. आता काय करायचं?"

आणि मग जे सुरू झालं तसं मी चौतीस वर्षांत बघितलं नाही. दुर्गाबाईच्या शब्दावर थांबायचं नाही, ताळा करायचा, असं ठरलं. रेजांनी गावातल्या तीन घरांच्या म्हाताऱ्या शोधल्या, ज्यांना त्या पुराचं पाणी आपल्या घरात कुठवर आलं होतं ते आठवतं. एकीने उतरंडीच्या जागेवर हात ठेवला, एकीने खुंटी दाखवली, एकीने भिंतीतला कोनाडा. मी यंत्र लावून तिन्ही उंच्या घेतल्या. तिन्हींत दोन इंचांचा फरक, आणि तिन्ही दुर्गाबाईच्या दोन थरांशी जुळल्या. दीड फूट.

दुपारपर्यंत उपाय निघाला. बीम तोडायचा नाही. त्याच्यावर दीड फूट दगडी बांधकाम चढवायचं, आत मुरूम भरायचा आणि तेवढीच उंची कॉलमला वाढवायची. शालिकराम म्हणाला, आत मुरूम भरून वर कोबा झाला असता तर तो फोडण्यात पंधरा दिवस गेले असते. मी म्हटलं, तू आळस केलास तो कामी आला, नशीब. तो म्हणाला, "हौ साहेब. नशीबच म्हना."

जेवणानंतर पुनाराम माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, मायं बी एक हाय. उद्या बैठकीत सांगीन, पन आधी तुमाले सांगतो." बाळंतपणाच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या कॉलममध्ये, जोत्याखाली, त्याने उभ्या सळयांभोवतीच्या चार रिंगा कमी बांधल्या होत्या. त्या दिवशी त्याला लवकर घरी जायचं होतं. मी तो कॉलम तपासून सही केली होती. रिंगा मोजल्या नव्हत्या. हे काँक्रीटच्या पोटात कायमचं बंद होतं, कोणालाच कधी कळलं नसतं. मी त्याला म्हटलं, उद्या सांग, मी शेजारी उभा राहतो.

१४ फेब्रुवारी

पुनारामने सांगितलं. मी शेजारी उभा राहिलो. कॉलमभोवती खणून जादा सळई आणि काँक्रीटचा वेढा द्यायचा ठरला.

आणि या मुलीबद्दल काय लिहू? काल दुपारी उपाय निघाला आणि आज सकाळी साडेसातला तिच्या हातात वाढीव जोत्याचा पूर्ण नकाशा होता, नागपूरच्या डिझायनरची सही झालेला. कॉलमची वाढीव सळई, दगडी थर, सगळं. एवढ्या कमी वेळात असं काम मी खात्यात कधी बघितलं नाही. बिचारी झोपली नसेल. घाईत कोपऱ्यात तारीख मात्र चुकून ५ फेब्रुवारी पडली आहे. मी पेनाने दुरुस्त करून खाली सही केली. ती बघत होती, हसली आणि म्हणाली, "थँक्यू, काका."

२ मार्च

जोतं उंच झालं म्हणजे रॅम्पही लांबला, अठरा फुटांनी. सरळ नेला तर हातपंप आडवा येतो. आज पुन्हा चुना, पुन्हा खाट. यावेळी मला कोणी विचारलंही नाही, मी स्वतःच चपला काढल्या.

रॅम्प दोनदा वळवून बघितला. वळणं आता बरोबर निघाली, पण मध्यावर खाट वाहणाऱ्यांना धाप लागली. दुर्गाबाई म्हणाली, "इथं खांदा बदलाले जागा पाह्यजे. खाट खाली ठेवता आली पाह्यजे." श्रद्धाने तिच्याच हातात चुना दिला. दुर्गाबाईने मधोमध सपाट जागा आखली, खाटेपेक्षा हातभर मोठी, आणि तिच्या कडेला बसायला ओटा, कारण खाटेबरोबर म्हातारी सासू असतेच. डिझायनरला फोटो पाठवला. त्याने विचारलं, हा आर्किटेक्ट कोण?

मी दुर्गाबाईंना सांगितलं की नागपूरचा माणूस तुमची तारीफ करतो आहे. त्या म्हणाल्या, "त्याले म्हना, एकडाव खाट उचलून पाहाय."

२६ मार्च

विशेष काही नाही, पण लिहावंसं वाटलं. आता साडेसातची बैठक सव्वासातलाच सुरू होते, लोक आधी येतात. मी रोज काहीतरी चुकलेलं शोधून नेतो. आज माझी एक चूक बाकीच्यांनी खोडून काढली, म्हणाले ही चूक नाहीच. मला थोडं वाईट वाटलं.

१९ एप्रिल

नूतन काम बघायला आली. श्रद्धाशी अर्धा तास बोलत होती. बसमध्ये मी तिला सगळी हकिकत सांगितली, मुरूम नशिबाने भरायचा राहिला, नकाशा एका दिवसात झाला. ती खिडकीबाहेर बघत हसत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही. चांगली माणसं मिळाली तुम्हाला." हे तर मीच तिला सांगत होतो.

४ जून

छताचं काँक्रीट पडलं. पहाटे पाचला सुरू केलं, दुपारी दोनला संपलं. कुठे गळती नाही, कुठे सेंट्रिंग हललं नाही. ठेकेदाराने पेढे आणले आणि पहिला मला दिला. मी तो शालिकरामला दिला. त्याने पुनारामला, आणि शेवटी तो फिरत फिरत एका रेजाच्या तोंडात गेला.

श्रद्धाची बदली झाली आहे, भंडाऱ्याकडे पूल आहे. कंपनीने मला विचारलं, उकव्याला खाणीच्या वस्तीजवळ मुलींचं वसतिगृह आहे, घ्याल का? मी हो म्हटलं. बैठक मलाच घ्यावी लागणार. श्रद्धाला म्हटलं, तुझ्यासारखं मला जमणार नाही, तू आलीस आणि ही सगळी माणसं बोलती झाली. ती म्हणाली, "काका, ये लोग हमेशा से बोलते थे." तिची नम्रता मला आवडते.

६ जून

आज शेवटचा दिवस. सामान आवरलं. दुर्गाबाई रॅम्पच्या ओट्यावर बसल्या होत्या, तिथे मीही जाऊन बसलो. उकव्याला येता का विचारलं. लांब आहे म्हणाल्या, पण बस मिळाली तर बघते.

मग मी बरेच दिवस मनात होतं ते विचारलं. म्हटलं, दुर्गाबाई, पंधरा वर्षांपूर्वी तो दगड तुमच्या डोक्यावर होता. रेघ तुम्हाला दिसली होती. चुकीच्या थरात बसतोय हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का?

"हौ."

"मग काहून नाही सांगितलं?"

त्या माझ्याकडे बघून हसल्या. रागाचा लवलेश नव्हता. "साहेब, सांगाले म्हनून मी गोटा डोक्यावर घेऊनच तुमच्यापाशी आलती. तुमी मोटरसायकलवर बसून होते. चालूच होती गाडी. मी तोंड उघडलं, तं तुमी पुढं गेलते."

मला ते काहीच आठवत नाही. मी खूप वेळ आठवायचा प्रयत्न केला. मोटरसायकल आठवते, भिंत आठवते, मार्चचं ऊन आठवतं. समोर डोक्यावर दगड घेऊन उभी असलेली बाई आठवत नाही.

"किती वेळ उभी होतीस?" मी विचारलं. पंधरा वर्षांपूर्वीचं विचारत होतो म्हणून की काय, तोंडातून जुनंच ‘तू’ निघालं.

"कोनाले माहीत," त्या म्हणाल्या. "गोटा जड होता, साहेब. मंग मी उतरवला."